चौदा नंबरचा खांब

आमच्या वाडीत मांजर नाही. एकसुद्धा नाही. गेल्या जूनमध्ये होती तेवढी सगळी आठवडाभरात निघून गेली. काही पिल्लं तोंडात धरून गेली, काही तशीच गेली. पलीकडच्या गावातून मावशीचा फोन आला, "अगं, तुमच्याकडची मांजरं आमच्या ओट्यावर पंगत मांडल्यासारखी का बसलीत?"

याचं उत्तर आख्ख्या औटीमळ्यात सगळ्यात चांगलं मलाच देता येतं. अगदी पप्पांपेक्षाही. म्हणून मीच देते.

आवाज म्हणजे हवेची थरथर. सेकंदाला वीसपासून वीस हजारांपर्यंत थरथरली तर माणसाला ऐकू येते, त्याच्या वर गेली की आपल्यासाठी सगळं शांत. कुत्र्याचा कान पंचेचाळीस हजारांपर्यंत पोचतो. मांजराचा त्याच्याही पुढे, साठ हजारांच्या वर, कारण उंदराची पिल्लं तिथे चिरकतात आणि मांजराला जेवायचं असतं. आणि बिबट्या कोण? मांजरच. फक्त सत्तर किलोचं.

तर या हिशेबावर आमचं ध्वनिकुंपण उभं आहे. पंचावन्न हजारांचा आवाज. कुत्र्यांच्या डोक्यावरून जातो, मांजराच्या बरोबर कानात शिरतो. वाडीभोवती आणि उसाभोवती तीन किलोमीटरचा वेढा, दर पंचवीस मीटरवर एक खांब, एकूण एकशेवीस खांब. इतका बारीक आवाज हवेत फार लांब जात नाही, म्हणून खांब असे जवळजवळ. ते एकेक करून चालू होत गेले त्या आठवड्यात, वेढा पुरा व्हायच्या आत, मांजरं निघून गेली. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जाळीचा डबा, त्यात चार छोटे स्पीकर, दोन आत तोंड करून, दोन बाहेर. दर काही सेकंदांनी सूर बदलतो, नाहीतर जनावराला सवय होते. बसवायला आलेल्या काजळे मॅडम म्हणाल्या होत्या, "ही भिंत नाही हं. स्टीलच्या ताटावर कुणी तुमच्या कानाशी काटा-चमचा घासत बसलं तर तुम्ही तिथे थांबाल का? तेवढंच आहे हे."

तेवढंच म्हणे! त्या तेवढ्याने आमचं सगळं बदललं. त्याआधी पाच वाजता दारं बंद व्हायची. बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपायच्या, कारण बिबट्या मान धरतो. वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटतच नाही, वासरू वाटतं. माझी हौसाकाकू घास कापताना अशीच गेली, भर साडेचार वाजता, मी सातवीत असताना. कुंपण चालू झाल्यावर पट्टे खुंटीला गेले. पोरी सातपर्यंत कबड्डी खेळायला लागल्या. मी सायकलवरून क्लासला जायला लागले, एकटी!

आणि माझी खरी गोष्ट इथूनच सुरू होते. खांब बसवत होते त्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, हा किणकिणतोय."

"शक्यच नाही. माणसाला ऐकू येत नाही तो."

"येतोय. हा येतोय, तो येत नाहीये."

त्यांनी तो दुसरा खांब उघडला, तर त्याची वायर निघालेली. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या. खांबातल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटची बारीक किणकिण असते, म्हणाल्या, सतरा हजारांच्या आसपास. लहान वयात कान तिथपर्यंत पोचतात. विशी-पंचविशीनंतर वरचे सूर एकेक करून बंद होतात. त्यांना ऐकू येत नव्हती, पप्पांना तर बारा हजारांच्या पुढे काहीच नाही, आम्ही मोबाईलवर तपासलं. वाडीतली तिसरी-चौथीतली पोरं ऐकायची, पण त्यांना एकशेवीस खांब फिरवणार कोण?

मी! दहावी ब, तेजल रोहिदास औटी. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी. रोज सकाळी शाळेआधी सायकलवरून वेढा मारायचा, प्रत्येक खांबाशी कान द्यायचा, किणकिण आली की वहीत बरोबरची खूण. सगळ्या खांबांच्या पेट्यांना लागणारी एकच किल्ली, ती माझ्या गळ्यात. सहा महिन्यांत मी नऊ बंद खांब पकडले. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आले. माईकवर बोलले! पप्पा दूध संकलन केंद्र बघतात, कुंपणाचं मुख्य बटणही तिथेच भिंतीवर आहे. कॅन घेऊन आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, "आमच्या तेजूच्या कानावर वाडी झोपते." सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर माझा सत्कार ठरला. आईने अबोली रंगाची साडी काढून ठेवली होती.

सत्काराला आठ दिवस राहिले असताना चौदा नंबरच्या खांबापाशी माझ्या सायकलची चेन पडली.

हा खांब ओढ्याच्या काठाला आहे. किणकिण छान येत होती, मी खूण केलीसुद्धा होती. चेन बसवून मान वर केली आणि पहिल्यांदा त्या जाळीच्या डब्याकडे नीट बघितलं. जाळीची भोकं दिसत नव्हती. त्यांच्यावर चिखल होता. गुळगुळीत, लिंपलेला, गाडग्याच्या पोटासारखा.

कुंभारीण माशीचं घर. आमच्याकडे दिवाळीनंतर जिथे तिथे असतं, खिडकीच्या फटीत, नळाच्या तोंडात. कुणी लक्षही देत नाही. माशी एकेक गोळी आणून लिंपते, आत अळ्या ठेवते, तोंड बंद करते.

मी तिथे उभी होते आणि मला ते एकदम कळलं. मी ऐकत होते ते सर्किट. पंचावन्न हजारांचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता, ऐकूच शकत नव्हते. किणकिण म्हणजे खांबाला वीज आहे, एवढंच. त्याच्या तोंडातून आवाज बाहेर पडतोय की नाही हे मला सहा महिने माहीतच नव्हतं. इतक्या बारीक लाटा टॉर्चच्या उजेडासारख्या सरळ जातात. टॉर्चवर बोट ठेवलं की अंधार. इथे तर नखभर जाडीचा चिखल होता. आणि हा खांब मुका म्हणजे तेराच्या नि पंधराच्या मधे पन्नास मीटरचं भगदाड.

किती दिवसांपासून? चिखल खडखडीत वाळलेला होता.

कंपासपेटीतून करकटक काढलं, सायकलच्या कॅरिअरवर चढले आणि सगळा चिखल खरवडून टाकला. हिरव्या अळ्या खाली पडल्या. शेजारचे तेरा आणि पंधरा बघितले, ते स्वच्छ होते. बाकीचे एकशेसतरा बघितले नाहीत. शाळेला उशीर होत होता हे खरं, पण मी बघितले नाहीत ते त्यामुळे नाही. आणखी एखादा सापडला असता तर सांगावं लागलं असतं.

खूण वहीत आधीच केलेली होती. ती तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सबाजीतात्यांचा कुत्रा शेरू घरी आला नाही.

"पडला असंल कुत्रीच्या मागं," पप्पा म्हणाले. तात्याही हसले. तिसऱ्या दिवशी खालच्या आळीतली म्हैस दूध चोरायला लागली, पान्हा सोडेना, गोठ्यात कान टवकारून उभी राहायची, बसायची नाही. चौथ्या दिवशी एका कालवडीच्या पाठीवर चार ओरखडे सापडले.

"तारेत घुसली असंल," कुणीतरी म्हणालं.

"चार तारा एका अंतरावर?" मी विचारलं.

"मग काय बिबट्या आला का, तेजूबाई? तुमच्या कुंपणातनं?" आणि सगळे हसले. हसताना माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होते की मीही हसले.

तिथून मी चौदा नंबरला गेले. गेले तीन दिवस तिथे नुसती किणकिण ऐकून न थांबता पुढे जात होते. पाटाचं पाणी फुटून खांबाभोवती ओल पसरली होती. ओलीत ठसे होते. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. यांत नव्हती. गोल, माझ्या तळव्याएवढे. उसाकडून खांबाकडे यायचे, खांबापासून दहा पावलांवर थांबायचे आणि मागे वळायचे. एकदा नाही. एकावर एक, एकावर एक, जणू कुणी येरझाऱ्या घालतंय. बाहेरच्या बाजूला एकही ताजा ठसा नव्हता.



तो या भगदाडातून आत आला होता. आल्या वाटेने परत जायला बघत होता. आणि वाट बंद होती, कारण ती मी करकटकाने बंद केली होती. चारही बाजूंना त्याच्या कानात चमचे घासले जात होते, आणि मधे आम्ही.

मी तडक संकलन केंद्रावर गेले. पप्पा फॅट काढायच्या मशिनशी होते, समोर कॅनची रांग.

"पप्पा, मला बोलायचंय."

"बोल की!" आणि रांगेकडे वळून, "हिचं भाषण तयार झालं बरं का. कलेक्टरची बायको वाटंल."

"पप्पा, चौदा नंबर..."

"चालू ए ना?"

"चालू आहे, पण..."

"मग झालं! तू चालू म्हटलंस म्हंजी चालू. ए, पुढचा कॅन घ्या."

माझ्या तोंडात शब्द होते. खरंच होते. चार महिन्यांपूर्वी तीनशे माणसांसमोर माईक धरणारी मी, बारा माणसांसमोर दप्तर सावरत मागे सरकले. संध्याकाळी घरी सांगू, असं ठरवून शाळेत गेले. दिवसभर काय शिकवलं ते विचारू नका. भोर सर फळ्यावर तरंगलांबी काढत होते आणि मला फक्त ओलीतले ठसे दिसत होते.

संध्याकाळी घरी आले तर आई नव्हती. दाराला कडी, आईचा मोबाईल चार्जिंगला.

तिला शोधायला निघाले, तर वाटेत गयाबाई भेटली, डोक्यावर पाण्याची घागर. ती ऊसतोडीच्या टोळीतली, बीडकडची. आता तोडणी बहुतेक यंत्रच करतं, पण ओढ्याकाठच्या अरुंद तुकड्यांत यंत्र वळत नाही, म्हणून तेवढ्यासाठी टोळी लागतेच. त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, आमच्या पडीक रानात, वेढ्याच्या आत. सात कोप्या, अकरा पोरं. आणि टोळी नेहमी रस्त्याच्या बाजूने तोडत जाते, कारण ट्रॅक्टर तिथे लागतो. म्हणजे पंधरा दिवस ऊस रस्त्याकडून ओढ्याकडे मागे मागे सरकत होता, आणि त्यात जे काही होतं तेही.

"माय तुझी तिकडंच हाय," गयाबाई म्हणाली. "वाढं बांधायलीय. म्या म्हनलं न्या, उद्या शेवटचा तुकडा तोडला की गेलोत आमी."

वाढं म्हणजे उसाचे शेंडे, जनावरांचा चारा. ते वाकून गोळा करतात. वाकून भारा बांधतात.

"कुठल्या बाजूला?"

"वढ्याकडं. त्या खांबाजवळ न्हाई का."

मी दप्तर तिथेच टाकलं आणि पळत सुटले.

सूर्य डोंगराला टेकला होता. तोडलेल्या रानात खोडक्या पायांना टोचत होत्या. पुढे उभा ऊस राहिला होता तो जेमतेम दहा गुंठे, काळसर चौकोनी डागासारखा. त्याच्या नि चौदा नंबरच्या मधल्या मोकळ्या पट्टीत आई होती. उसाकडे पाठ करून वाकलेली.

"आई! उभी राहा!"

"काय गं बोंबलतेस? दप्तर कुठाय?"

"आधी उभी राहा ना!"

"अगं एवढी गाठ मारू दे की."

"आई, बिबट्या आत आहे. मी कोंडलाय त्याला."

आई उभी राहिली. माझा चेहरा बघून राहिली असेल, कारण वाक्य तर तिला कळलं नव्हतं. मी तिचा हात धरून तिला खांबापाशी ओढलं आणि आम्ही खांबाला पाठ लावून उभ्या राहिलो.

वारा नव्हता. तरी उसाची पानं हलली. आधी मधे, मग कडेला. मग पानांतून तो बाहेर आला.

मी बिबट्या आधी बघितला होता, पिंजऱ्यात, व्हिडिओत. हा तसा नव्हता. हा वाळला होता. फासळ्या दिसत होत्या, कान डोक्याला चप्प बसलेले, तोंड अर्धं उघडं. आमच्याकडे यायला लागला. दहा पावलांवर आला आणि कुणी तोंडावर मारल्यासारखा थांबला, मान झटकली, वळला. परत आला. परत थांबला. आमच्या मधे काहीच नव्हतं, फक्त हवा, आणि त्या हवेत त्याला जे ऐकू येत होतं ते आम्हाला येत नव्हतं.

"तेजू," आईचा आवाज श्वासाएवढा, "हा इकडं का येत नाय?"

"खांबामुळे. खांबापाशी आपण सुरक्षित आहोत."

"मग हितंच थांबू. पप्पा येतील शोधत."

तेवढ्यात कोप्यांकडून पोरांचा गलका आला. चुली पेटल्या होत्या. कुणीतरी मोठ्याने गाणं लावलं. बिबट्याने डोकं तिकडे वळवलं. कान पहिल्यांदाच वर उठले. त्या बाजूला खांब नव्हता. त्या बाजूला काहीच नव्हतं, मोकळं रान आणि अकरा पोरं. त्याने एक पाय तिकडे टाकला.

मी गळ्यातली किल्ली काढली.

"काय करतेस?"

"खांब बंद करते. त्याला जायचंय, आई. तो रोज इथे येतोय जायला."

"बंद केल्यावर तो आपल्या अंगावरनं जाईल."

"हो."

"बाजूला होऊन कर की!"

"पेटी इथेच आहे. आणि आता हललो तर तो मागे येईल. सरळ उभं राहायचं. वाकायचं नाही, पळायचं नाही."

आई माझ्या मागे सरकली, पेटी मोकळी ठेवून खांबाच्या कडेला, आणि आपला उजवा तळवा तिने माझ्या मानेवर ठेवला. मागून, घट्ट, बोटं पसरून. मला कळलं ती काय झाकतेय.

किल्ली दोनदा घसरली. तिसऱ्यांदा लागली. आत बटण. दाबलं.

किणकिण थांबली.

बिबट्याने झटक्यात मान आमच्याकडे वळवली. काही क्षण तो तसाच होता, ऐकत. मग कान हळूहळू उभे राहिले. त्याचा चेहराच बदलला, खरं सांगते, दुखणं थांबल्यावर बदलतो तसा. आणि तो चालत आला. पळत नाही. खाली मान घालून, पोट जमिनीशी घासत, एकेक पाऊल मोजत. आठ पावलं. पाच. मला त्याचा वास आला, ओल्या गोणपाटासारखा. आईची बोटं मानेत रुतली. तीन. त्याने डोळे वर करून माझ्याकडे बघितलं आणि मी मनात म्हणत होते, मी उभी आहे, मी माणूस आहे, मी उंच आहे. भाऱ्याला वळसा घालून तो आमच्या डावीकडून गेला, हात लांब केला असता तर पाठीला लागला असता. काठावर थांबला. एक उडी, ओढ्यात खळ्ळ आवाज, पलीकडची झुडपं हलली. संपलं.

आईने माझ्या मानेवरून हात काढला तेव्हा तिथे तिच्या नखांच्या खुणा होत्या.

"लाव परत," ती म्हणाली. मी लावलं. किणकिण आली.

मग आम्ही दोघी खाली बसलो आणि मी सगळं सांगितलं, चिखल, करकटक, खूण, शेरू, कालवड. आई ऐकत राहिली. शेवटी पदराने माझं नाक पुसलं. मी दहावीत आहे!

"गेला ना तो?" ती म्हणाली. "मग आता हे माझ्या-तुझ्यात राहू दे. पप्पांना काय तोंड दाखवायला जागा राहील? सव्वीस तारीख होऊन जाऊ दे, मग बघू."

आणि मी हो म्हणाले. पटकन म्हणाले, इतकं हलकं वाटलं.

भारा तिथेच टाकून आम्ही खांबांच्या कडेकडेने निघालो. मी आईच्या पुढे, खिशातला छोटा टॉर्च खांबांवर मारत. पंधरा स्वच्छ. सोळा नंबरवर उजेड पडला आणि मी थांबले.

गाडग्याच्या पोटासारखा चिखल. चारही स्पीकरवर.

माझा हात आपोआप केसांतल्या पिनेकडे गेला. दोन मिनिटांचं काम होतं. आईने तो हात हवेतच पकडला.

"थांब," ती म्हणाली. "आत कोण ए माहीत नसताना दार लावू नको."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग ती माझा हात धरूनच संकलन केंद्राकडे चालायला लागली. पळालो नाही. आता आम्हाला दोघींनाही माहीत होतं का पळायचं नाही ते.

केंद्रावर संध्याकाळची रांग होती. पप्पा म्हणाले, "ह्या बघा आमच्या..." आणि आईकडे बघून गप्प झाले.

मी सगळं सांगितलं. उभ्याने, मोठ्याने, रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. माईक नव्हता.

"वहीत रोज खूण ए तुझी," पप्पा म्हणाले.

"मी फक्त किणकिण ऐकत होते. जाळीकडे बघितलंच नाही."

"आणि कळल्यावर?"

"कळल्यावर चार दिवस गप्प बसले."

 सबाजीतात्यांनी कॅन खाली ठेवला. "म्हंजी माझा शेरू..." एवढंच म्हणाले आणि टोपी काढून हातात धरली. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी आईला विचारलं, "तू होतीस तिथं? किती लांबून गेला?"

आईने हात लांब करून दाखवला.

पप्पा बाकावर बसले. मग उठले. वनखात्याला फोन केला. पथक निघतंय, म्हणाले, पण घाटातून यायला दोन तास. "सगळे आत घ्या. कोप्यांतली आधी. चला, ट्रॅक्टर घेऊन जा, आवाज करत जा, पोरं कडेवर घ्या, एकालाही चालत आणू नका."

"आणि कुंपण?" कुणीतरी विचारलं.

"बंद," मी म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कौतुकाने नाही. "किती खांब मुके आहेत माहीत नाही. किती आत आहेत माहीत नाही. चालू ठेवलं तर आतले आतच राहतील, आणि भुकेले राहतील."

"आन् बंद केल्यावं बाहेरचे आत आले म्हंजी?"

 "येऊ शकतात," मी म्हणाले.

पप्पांनी भिंतीवरच्या त्या बटणाकडे बघितलं. दूध नासलं की कुणाचं नासलं हे शोधत न बसता ते आधी टाकी रिकामी करतात, तेव्हाचा चेहरा होता. सगळी माणसं आत आल्यावर त्यांनी शटर ओढलं. मग बटण खाली केलं.

कॅन, दुधाचा वास, माणसांची गर्दी. गयाबाईच्या मांडीवर तिची दोन पोरं.  मी शटरजवळ बसले होते, आई माझ्या मागे.

पाच-सात मिनिटं गेली असतील. मग ओढ्याच्या वरच्या अंगाने आवाज आला. लाकडावर करवत ओढावी तसा, खर्र-खर्र, थांबून, परत खर्र-खर्र. बिबट्याची हाक अशीच असते. हा आवाज सगळ्यांना ऐकू आला, सबाजीतात्यांनासुद्धा, आणि त्यांना तर मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. एका पोराने तोंड उघडलं तर गयाबाईने त्यावर हात ठेवला.

"मोजून घेऊ," पप्पा हळू म्हणाले. "कुणी राहिलं नाय ना बाहेर." आणि कोपऱ्यापासून एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजायला लागले.

तेवढ्यात शाळेच्या बाजूने दुसऱ्या करवतीने उत्तर दिलं.

पप्पांनी मोजणं थांबवलं नाही. एकतीस, बत्तीस, तेहेतीस. ते माणसं मोजत होते आणि मी ते दुसरं मोजत होते. माझ्या डोक्याला हात लावताना ते थांबले नाहीत, पण हात काढायला त्यांना जरा वेळ लागला.

माणसं त्रेसष्ट भरली. सगळी होती. आवाज तीन झाले होते, आणि तिसरा शटरच्या बाहेरच होता.